कट्ट्यावर फुकट बसणाऱ्यांचं देणं

ठाण्याच्या तलावपाळीवर बसायला पैसे पडत नाहीत. पेडल बोट चालवायची तर तिकीट काढावं लागतं, भेळ खाल्ली तर भेळवाल्याला पैसे द्यावे लागतात, जवळच्या गडकरी रंगायतनमध्ये नाटक बघायचं तर तिथलंही तिकीट आहे. पण मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसून दोन तास पाण्याकडे बघत राहिलात, तर कोणी बिल आणून ठेवत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ही चैनच म्हणायची. इथे घरं छोटी, लोकल भरलेल्या, आणि कॅफेत बसायचं तर दर पाऊण तासाने काहीतरी मागवत राहावं लागतं.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. जे आपल्याला फुकट मिळतं, त्याबद्दल आपण कोणाचं काही देणं लागतो का?

'टॅक्स भरतो की' हे उत्तर मला पुरत नाही. कट्ट्यावर शेजारी बसलेला, बदलापूरहून आलेला मुलगा ठाणे महापालिकेला कदाचित एक रुपयाही कर देत नसेल. म्हणून त्या पाण्याकडे बघायचा त्याचा हक्क माझ्यापेक्षा कमी आहे, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणणार नाही. मग देणं पैशांचं नसेल, तर कशाचं आहे? आणि ते फेडायचं कोणाला?

*

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. हे तलाव बघण्यासाठी नव्हते.

ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला, त्यानंतर इंग्रज आले. राज्यं बदलली तरी लोकांना पाणी लागायचं ते विहिरीचं आणि तलावाचंच. मासुंद्याभोवती आजही थोडं चाललं की कौपिनेश्वराचं देऊळ लागतं, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च लागतं, जांभळी नाक्याचा बाजार लागतो. देव, बाजार आणि वस्ती पाण्याला धरून बसली, कारण पाण्याची गरज होती. प्यायला, धुवायला, गुरांना पाजायला, आंघोळीला.

१८५३ साली बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्यात आली. १८६३ साली इथे नगरपालिका झाली. हळूहळू नळ आले, आणि तलावांचं काम गेलं. काम गेलेल्या तलावाचं शहरात काय होतं? एक तर तो बुजतो. त्याच्या जागी मैदान, इमारत, रस्ता येतो. ठाण्यात एकेकाळी साठेक तलाव होते असं जुने लोक सांगतात. आज त्यातले निम्म्याच्या आसपास उरलेत. किंवा मग त्या तलावाला नवं काम शोधावं लागतं. मासुंदा, उपवन, कचराळी यांना ते मिळालं. लोकांनी आपल्याकडे बघावं, हेच त्यांचं नवं काम.

म्हणून 'सुशोभीकरण' या शब्दावर नुसती टीका करणं मला पटत नाही. तलावाभोवती लोक फिरायला येऊ लागले, म्हणून तो बुजवणं अवघड झालं. बोटीचा ठेका, कणीस, भेळ, चहा, फुगे, पाळीवरची दिवाळी पहाट, पाडव्याच्या आदल्या दिवशीचे दिवे, या सगळ्यामुळे तलावाला माणसं लाभली. 'पर्यटन' म्हटलं की आपल्याला महाबळेश्वरचा वेण्णा तलाव आठवतो. पण कळव्याहून रविवारी संध्याकाळी दोन पोरांना घेऊन आलेलं कुटुंब, एक बोटीची फेरी, दोन पाणीपुऱ्या आणि परतीची लोकल, हेही पर्यटनच आहे. त्यांना परवडणारं एवढंच.

*

इथे काही मित्र म्हणतात की खरा तलाव तो जुनाच. लोक त्याचं पाणी प्यायचे, त्याला जपायचे. आता तो शोभेची वस्तू झाला. ऐकायला बरं वाटतं. पण 'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात तलावाच्याच काठावर विचारला गेलाय.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असं ठरवलं. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव केला. कागदावर चवदार तळं सर्वांचं झालं, पण तिथे पाणी प्यायला कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. आणि मग सवर्णांपैकी काहींनी कोर्टात दावा लावला की हे तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. हा वाद मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली संपला आणि दावा फेटाळला गेला. एका तळ्याचं पाणी कोणी प्यावं हे ठरायला दहा वर्षं लागली.

बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की या तळ्याचं पाणी न पिता आमचं काही अडलेलं नव्हतं. आम्ही इथे आलो ते समतेचा पाया घालायला. म्हणजे तलाव कोणाचा हा प्रश्न पाण्याचा जेवढा, तेवढाच काठावर उभं राहण्याचाही. जुन्या तलावाची आठवण काढताना त्याच्या काठावरून कोणाला हाकललं जायचं, हेही आठवायला हवं.

त्या अर्थाने आजचा कट्टा जुन्या घाटापेक्षा बरा आहे. शेजारी बसलेल्याचं आडनाव विचारल्याशिवाय आपण तिथे बसतो. अख्ख्या शहरात अशा जागा फार नाहीत. सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो, मॉलमध्ये बॅग तपासतात. कट्ट्यावर कोणी अडवत नाही.

मी डोंबिवलीची. आमच्याकडे शहराच्या मधोमध मासुंद्यासारखा तलाव नाही. देवळाजवळचा तलाव बघायचा तर खिडकाळीला जावं लागतं, मोठा काळा तलाव कल्याणला. पण दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोड बघा. नवे कपडे घालून हजारो पोरंपोरी नुसती उभी असतात. तिथे पाणीही नाही आणि 'व्ह्यू'ही नाही. यावरून मला वाटतं, माणसं तलावाकडे येतात ती पाण्यापेक्षाही आपण जिथे काही विकत न घेता असू शकतो, अशा जागेसाठी. पाणी असलं की त्या जागेला निमित्त मिळतं. एकटं बसलेल्या माणसाला 'इथे काय करताय' असं कोणी विचारत नाही. तलाव बघतोय, एवढं उत्तर पुरतं.

तर बघणं हा क्षुल्लक हक्क नाही. मी तो सोडायला तयार नाही. आता त्याची किंमत कोण भरतं ते बघू.

*

पहिली किंमत काठावरचे भरतात.

एका तलावाच्या काठी कणसं भाजणाऱ्या मावशींशी माझं थोडं बोलणं झालं होतं. मी म्हटलं, "मावशी, तलाव छान केला की तुमचा धंदा वाढत असेल ना?"

"वाढतो की. पण काम काढलं की पहिलं आम्हालाच उठवतात. आणि काम झालं की म्हणतात, आता इथं घाण नको."

"घाण म्हणजे?"

"आम्हीच की गं," असं म्हणून त्यांनी कणसाला लिंबू चोळलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

२०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, तोवर कोणाला उठवू नका. शहर फेरीवाला समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असू द्या. आणि अगदी निकड असल्याशिवाय जागा बदलायला लावू नका. हा कायदा फेरीवाल्यांवर दया करत नाही, त्यांचा हक्क मान्य करतो. पण तलावाभोवती नवे दिवे लागतात, फरशी बसते, आणि आपल्याला एकदम 'मोकळं' वाटतं, तेव्हा ते मोकळेपण कोणाच्या उठण्याने आलंय हे आपण विचारत नाही. उलट फोटो चांगला येतो.

मला मान्य आहे की गर्दी, कचरा, पायी चालायला जागा नसणं हे खरे त्रास आहेत. आजीला तलावाभोवती फेरी मारता यायला हवी. पण 'कुठे बसायचं, किती जणांनी बसायचं' हे ठरवणं वेगळं, आणि 'सौंदर्य' या शब्दात माणसं खोडून टाकणं वेगळं. सौंदर्य कोणाला नकोय? म्हणून तर त्याच्या नावाने केलेल्या गोष्टीला विरोध करायला तोंड उघडत नाही.

दुसरी किंमत तलाव स्वतः भरतो. काठाला काँक्रीटची भिंत घातली की तो बघायला नीटस दिसतो. पण जमिनीतून झिरपत येणारं पाणी अडतं, उतारावरून येणारे ओघळ तुटतात, काठावरची चिखलाची पट्टी जाते. बेडूक, गोगलगाई, पाणपक्षी यांचं घर त्या पट्टीत असतं. मग तलाव मोठ्या टाकीसारखा होतो. त्यात निर्माल्य, उरलेलं अन्न पडलं की शेवाळ माजतं. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि एका सकाळी मासे उलटे होऊन तरंगतात. ठाण्याला अशा बातम्या नवीन नाहीत. रात्री रंगीत दिव्यांत उडणारं कारंजं म्हणूनच नुसतं शोभेचं नसतं, ते पाण्यात हवा मिसळतं. टाकी झालेल्या तलावाला जगायला अशी यंत्रं लागतात.

इथे ठाण्याचीच एक चांगली गोष्टही सांगायला हवी. गणपतीच्या विसर्जनासाठी ठाणे महापालिकेने तलावांशेजारी कृत्रिम तलाव बांधले, आणि गेली अनेक वर्षं ठाणेकर त्यांत मूर्ती विसर्जित करतायत. विसर्जनाची जागा हा श्रद्धेचा नाजूक विषय. तरी असंख्य घरांनी आपला जुना रिवाज चार पावलं बाजूला सरकवला. तलावाकडून त्यांना काही मिळणार नव्हतं. त्यांनी एवढंच मानलं की आपल्या आनंदाचा भार या पाण्यावर पडतो. देणं म्हणजे काय, हे मला त्या चार पावलांवरून थोडं कळतं.

*

तिसरी किंमत मात्र कट्ट्यावरून दिसतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तीच टोचते.

आपण 'तलावांच्या शहरात' राहतो, पण पितो ते पाणी या तलावांचं नाही. ठाण्याचं पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांचं. कल्याण-डोंबिवलीचं मुख्यतः उल्हासचं, आणि त्या नदीला उन्हाळ्यात जिवंत ठेवायला वर बारवीसारखी धरणं लागतात. मुंबईला पाणी देणारे तानसा, भातसा, वैतरणा हे जलाशय आपल्याच बाजूला, शहापूर आणि त्याच्या आसपास आहेत. तानसा धरण १८९२ चं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं तिकडचं पाणी मोठ्या पाइपांतून शहराकडे येतंय.

आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांत दर उन्हाळ्यात टँकर येतो. बाया हंडे घेऊन त्याची वाट बघतात. धरण जवळ असून पाणी लांब. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा काठची गावं पाण्याखाली गेली. तिथल्या कुटुंबांना नोकऱ्या देण्याचं ठरलं, तेही त्यांनी अनेक वर्षं लढा दिल्यावर.

जुलै महिन्यात आपल्या फोनवर बातमी येते: तलावांमध्ये इतके टक्के पाणी. आपण ती बघतो आणि पाणीकपात टळली म्हणून सुस्कारा सोडतो. पाऊस चांगला झाला की रविवारी बारवीला किंवा कोंडेश्वरला भिजायला जातो. मग दर पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघतात, तरी जातो. म्हणजे ज्याचं पाणी पितो त्या तलावाकडेही आपण बघणारे म्हणूनच जातो. तिथे हंडा घेऊन उभी असलेली बाई आपल्या फोटोत येत नाही.

महाडमध्ये पाण्यापासून माणसांना दूर ठेवणारे समोर उभे होते, त्यांची नावं माहीत होती. शहापूरमध्ये कोणी काठी घेऊन उभं नाही. पाइपलाइन आहे, करार आहेत, कोटे आहेत. कोणाही एका माणसाचा दोष नाही, म्हणून कोणालाच लाज वाटत नाही. माझ्या नळाला सकाळी पाणी आलं म्हणून मी दोषी ठरते का? नाही. पण मला काही माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

*

अमेरिकेतल्या गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की सामायिक मालकीची गोष्ट शेवटी ओरबाडली जाते, कारण प्रत्येक जण आपलं बघतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली सामायिक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी, मासेमारी अभ्यासून दाखवलं की तसं होतंच असं नाही. वापरणारे लोक एकत्र बसून नियम करतात आणि एकमेकांवर लक्ष ठेवतात, तिथे गोष्टी टिकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे वाचताना मला एक अडचण जाणवते. ऑस्ट्रॉम यांची माणसं वापरणारी आहेत. कुरण गेलं तर त्यांची गाय उपाशी राहते. आपण तर नुसते बघणारे. मासुंदा उद्या आटला तर आपल्या नळाला काही होणार नाही. आपण दुसऱ्या कट्ट्यावर जाऊ.

बघणाऱ्याची हीच कमजोरी आहे. त्याचं काही अडत नाही. म्हणून त्याच्या प्रेमाला धारही येत नाही. मोबाइलवर 'लेक सिटी' असा हॅशटॅग टाकणारे आपण हजारो आहोत, पण तलावाच्या कामाचं टेंडर कशाचं आहे हे विचारणारे दहासुद्धा निघणार नाहीत.

पण बघण्याला काही अर्थच नाही, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मनालीजवळच्या एका हॉटेलचं प्रकरण ऐकलं. हॉटेल वाचवण्यासाठी बियास नदीचा प्रवाह वळवण्यात आला होता. न्यायालयाने म्हटलं की नद्या, किनारे, जंगलं अशा गोष्टींची सरकार मालक नाही, लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. पुढे २००१ मध्ये एका गावतळ्याच्या खटल्यात याच न्यायालयाने तळी ही समाजाची ठेव मानून ती राखण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकली. विश्वस्त असेल, तर ज्यांच्यासाठी तो आहे ते लोकही असतात. ते लोक आपणच, कट्ट्यावर फुकट बसलेले. आणि विश्वस्ताकडे हिशोब मागायचा तो ज्याच्यासाठी ठेव आहे त्याने. त्याने मागितला नाही, तर विश्वस्त मालकासारखा वागायला लागतो. यात नवल काही नाही.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं आहे. कट्ट्यावर बसण्याबद्दल आपण पैसे देणं लागत नाही, आणि तिथे कधी तिकीट लागलं तर मी विरोध करेन. आपण हिशोब विचारणं देणं लागतो. या तलावात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? नव्या फरशीखाली काय गेलं? इथे बसणाऱ्या मावशी आता कुठे बसतात? आणि माझ्या घरी येणारं पाणी ज्या तालुक्यातून येतं, तिथे एप्रिलमध्ये किती टँकर धावले? हे प्रश्न वॉर्ड ऑफिसात विचारता येतात, माहितीच्या अधिकारात विचारता येतात, मतं मागायला दारात आलेल्या उमेदवारालाही विचारता येतात. यातला एकही प्रश्न अवघड नाही. ते विचारले जात नाहीत, कारण आपलं काही अडलेलं नाही.

काही अडलेलं नसताना विचारलेला प्रश्न खरं तर जास्त मोलाचा असतो. ज्याची गाय उपाशी आहे तो विचारणारच, त्याला पर्याय नाही. ज्याला संध्याकाळी दोन तास शांतपणे पाण्याकडे बघायला मिळालं, तोही जर विचारायला लागला, तर कणीसवाल्या मावशींना आणि शहापूरच्या हंडेवाल्या बाईला पहिल्यांदाच असा साथीदार मिळेल, जो स्वतःसाठी काही मागत नाहीये.